ताईचं लुगडं आणि भाऊजींचा दाभण

देवरामभाऊजी गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितली. नाकाडोंगरीला आमच्या शाळेसमोरच गाडी थांबते. तिसरीची पोरं पाढे म्हणत होती आणि कंडक्टर टोपी हातात धरून वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. "मास्तरीणबाई, आसगाववरून निरोप आहे. तुमचे भाटवे... सकाळी सरले." भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा. पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तुमसरहून आमचं गाव, असा तीन गाड्यांच्या तीन कंडक्टरांनी तो निरोप एकमेकांकडे देत माझ्यापर्यंत आणला होता. मी पोरांना सुटी दिली, त्याच गाडीत बसले, आणि आसगावला पोचेपर्यंत एक अक्षर बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे, ही माझ्यासाठी साधी गोष्ट नाही.

तिथं पोचले तर अंगणात माणसं बसलेली आणि जो तो मान हलवून तेच म्हणतोय: बिचारा देवराम! तरुणपणी बायको गेली, दुसरी केली नाही, जन्मभर चिंध्या शिवत बसला, बिचारा. आता सव्वा महिना झाला. भेटायला येणारं प्रत्येक माणूस चपला काढायच्या आधी हेच म्हणतं. माझं डोकं फिरतं. अरे, कसला बिचारा? सगळ्या खानदानाला एकट्यानं पुरून उरलेला माणूस होता तो. मी आज मास्तरीण आहे, माझ्या पायावर उभी आहे, ते त्या माणसाच्या चिंध्यांमुळं. हे एकदा कुणीतरी छापून टाकायलाच पाहिजे, म्हणून मी लिहायला बसले आहे. रडगाणं वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

भाऊजी आसगावच्या धान गिरणीत कामाला होते. काम काय, तर पोती शिवायचं. तांदळाचं पोतं भरून झालं की त्याचं तोंड सुतळीनं शिवतात. वीतभर लांबीचा दाभण, म्हणजे जाड वाकडी सुई, बगलेत सुतळीचा गुंडा, आणि एका पोत्याला मोजून सात टाके. दोन्ही टोकांना पोत्याचे कान पिळून गाठ मारायची, म्हणजे हमालाला उचलायला धरता येतं. फाटका बारदाना, म्हणजे रिकामी पोती, दुरुस्त करायचं कामही त्यांच्याकडेच. माझी थोरली बहीण, कुसुमताई, त्यांना दिली तेव्हा आमच्या पवनीच्या घरात कुरबुर झाली होती. आमचं किराण्याचं दुकान, आणि जावई पोती शिवणारा! पण ताई नांदली. कवेलूचं, म्हणजे कौलारू, दोन खणांचं घर, सासूसासरे आधीच गेलेले, आणि चार वर्षांची बेबी. त्या घरातून मी ताईला कधी रडत माहेरी आलेलं पाहिलं नाही.

मग एका भाद्रपदात ताईला कावीळ झाली. पंधरा दिवस झाडपाल्याचं औषध झालं, मग पवनीचा दवाखाना झाला, आणि ताई गेली. सत्तरचं दशक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी भंडाऱ्याला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेली पहिली पोरगी मी, आणि तेही ताईनं बाबांशी भांडून पाठवलं म्हणून.

आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिला माहेरच्या लुगड्यात पाठवतात. ताईचं लग्नातलं लुगडं जांभळं होतं, लाल रेशमी काठाचं. बाबांनी पवनीतल्या कोष्ट्याच्या मागावर मुद्दाम विणून घेतलं होतं आणि ते विणून होईपर्यंत रोज संध्याकाळी जाऊन पाहत होते. बायकांनी ताईला न्हाऊ घातलं, हळदकुंकू लावलं, आणि माझी माय भाऊजींना म्हणाली, "पेटीची चाबी द्या. जांभळं लुगडं काढतो." भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, दोरीवरचं ताईचं रोजचं हिरवं लुगडं काढून मायच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे नेसवा. ते नाही भेटत. ते बेबीचं आहे."

बाबा बाहेरून आत आले. "देवराम, म्या देल्लं आहे ते लुगडं. माह्या पोरीले तेच नेसवतील," ते म्हणाले. भाऊजी पेटीवर जाऊन बसले. अक्षरशः पेटीवर, पाय खाली सोडून. "तुमच्या पोरीले आता थंडी नाही वाजत, बाबाजी. माह्या पोरीले वाजते." बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. सगळ्या गावानं त्या दिवशी पाहिलं की देवरामनं मेलेल्या बायकोला लग्नाचं लुगडं दिलं नाही. ताई हिरव्या लुगड्यात गेली... आणि मी तिथंच ठरवलं, या माणसाचं तोंड पाहायचं नाही. हावरट! माझ्या बहिणीच्या अंगावरचं वाचवून ठेवणारा! मी हे शब्द मनात नाही म्हटले, ओसरीवर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बेबीला उचलून आत गेले.

दिवाळी झाली आणि घरात माझ्यामागं कुजबुज सुरू झाली. मी आले की माय बोलायची थांबे. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आमच्या घराचे कर्ते. त्यांनी सगळं आधीच ठरवून टाकलं होतं. पोरगी लहान, जावई तरुण, घरात बाईमाणूस नाही, आणि मेलेलीची धाकटी बहीण बिनलग्नाची. आमच्याकडे याला कुणी नवल म्हणत नाही. साळी, म्हणजे मेहुणी, भाटव्याला द्यायची, म्हणजे पोराला सावत्र माय येत नाही, मावशीच माय होते. सगळ्यांचं भलं! ज्या माणसाचं मी तोंड पाहत नव्हते त्याच माणसाच्या गळ्यात मला बांधायला निघाले होते आणि वर म्हणत होते, पोरीसाठी. बेबीवर माझा जीव होता, तेच तर त्यांनी हेरलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर मी दगडाच्या काळजाची ठरले असते, आणि हो म्हटलं असतं तर डी.एड.ची पुस्तकं परत करून आसगावला चुलीपुढं बसले असते.

धान कापणीला आलं होतं तेव्हा आम्ही आसगावला गेलो. मोठेबाबा, बाबा, माय आणि मी. मला सांगितलं होतं, बेबीला पाहून येऊ. भाऊजींनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं. बेबी आतून धावत आली आणि आम्ही पाहतच राहिलो. तिच्या अंगात ताईच्या जांभळ्या लुगड्याचा झगा! लाल काठ खाली घेराला, आणि खांद्यापासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळीचे हे एवढाले टाके, बरोबर पोत्याला असतात तसे. खांद्यावर तर दोन कान पिळून गाठी मारल्या होत्या. "बाबानं शिवला!" म्हणून ती गोल फिरून दाखवत होती. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी रोज मागापाशी उभं राहून विणून घेतलेलं लुगडं होतं ते.

मायला राहवेना. पोरीला तेल लावून न्हाऊ घालते म्हणून ती तिला घेऊन बसली, आणि झगा काही निघेना. वरून डोकं निघेना, खालून खांदे निघेनात. बटण नाही, नाडी नाही. "माय वो! ह्याले उघडाची जागा कोठी आहे?" माय म्हणाली. बेबीनंच सांगितलं, "बाबानं मी आत असतानाच शिवला. मी दोन दिवस झाले ह्यातच आहो." आम्ही सगळे भाऊजींकडे पाहायला लागलो. ते मान खाजवत म्हणाले, "मले कोठी ठाऊक? पोतं भरल्यावरच तोंड शिवतात ना. म्या बी तिले उभं केलं, कापड गुंडाळलं आन् शिवून टाकलं."

आज मला हे आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र मोठेबाबांच्या हातात आयतं सापडलं. ते मांडीवर थाप मारून हसले, आणि मग हसू पुसून बोलायला लागले, "पाहा. लुगड्याच्या चिंध्या केल्या आन् पोरीले पोत्यात भरलं. देवराम, मानसाचं काम नाही हे. विमल आहे ना घरची. पोरीले माय भेटते, तुले बाई भेटते, आमचं लेकरू बी परक्याच्या हाती जात नाही. माघात उरकून टाकू." विमल म्हणजे मी, आत चुलीशी चहा करत होते. त्यांच्या आणि माझ्या मध्ये एक कुडाची भिंत. मला कुणी काही विचारलं नव्हतं. चहात साखर किती टाकू, एवढं मात्र मायनं जाता जाता विचारलं होतं.

भाऊजी उठले, फडताळातून दाढीचं पातं काढलं, बेबीला पुढ्यात उभं केलं आणि खांद्यावरची सुतळी एका बाजूनं कापली, मग दुसऱ्या बाजूनं. झगा खाली गळून पडला. उघडी बेबी मायच्या कुशीत पळाली. त्यांनी झगा उचलून मोठेबाबांच्या समोर धरला. "चूक झाली. पोरीले आत ठेवून शिवलं म्या. पन माहा टाका पात्यानं निघते. तुम्ही विमलले आत घालून शिवून राहिले, थो टाका कोन काढन? तिची माय नाही काढत, बाप नाही काढत. म्या कायले शिवू?" मोठेबाबा म्हणाले, "पोरीचं कोन करन मंग?" "म्या करीन." "तुले काय येते?" "आज नाही येत. शिकतो. विमल बी शिकूनच राहिली ना भंडाऱ्याले, तिले जन्मताच येत होतं काय?"

चहा उतू गेला. मी तशीच उभी राहिले. ज्या माणसाला मी दोन महिन्यांपूर्वी ओसरीवर उभी राहून हावरट म्हटलं होतं, तो एकटाच माझ्या बाजूनं बोलत होता, आणि माझे मायबाप खाली मान घालून बसले होते. राग कुणाचा करावा तेच कळेना. मोठेबाबांनी शेवटी तंबाखू थुंकली आणि निकाल दिला: एक वर्ष. पुढच्या दिवाळीला येऊन पाहू. पोरीची आबाळ झालेली दिसली तर तिला पवनीला नेऊ, आणि तिचं करायला विमल शिक्षण सोडून घरी बसेल. लग्न नको तर नको, पण पोरगी आणि विमल, दोघींचं आम्ही ठरवू. भाऊजी म्हणाले, "या. जेवाले बी या." म्हणजे आता माझं डी.एड. त्या माणसाच्या टाक्यांवर लटकलं होतं, आणि त्याचे टाके तर सगळ्यांनी आत्ताच पाहिले होते.

ते वर्ष मी भंडाऱ्याच्या वसतिगृहात काढलं आणि सुटी मिळेल तेव्हा आसगावला जाऊन आले. बेबीला भेटायला, असं म्हणायचं. भाऊजींशी मी बोलत नव्हतेच, लुगड्याचा राग गेला नव्हता. पण डोळे तर उघडे होते. गावातला शिंपी त्यांना शिकवेना, पुरुषानं शिकायचं असेल तर मशीन घेऊन धंदा करावा, घरचे झगे कसले शिवतो म्हणे. तर या माणसानं काय केलं? स्वतःच्या लग्नातला सदरा काढला, चांगला धडधाकट, आणि पात्यानं त्याचा एकेक टाका उसवला. बाही कुठं जोडली, गळा कसा वळवला, काजं कशी केली, सगळं सुटं करून चटईवर मांडलं. ती चटईही फाटक्या बारदान्याची, त्यांनीच शिवलेली. आठ दिवसांनी तोच सदरा त्यांनी परत जोडला. एक बाही उलटी लागली होती. ती तशीच घालून ते गिरणीत गेले.

मग दुसरा झगा झाला, तिसरा झाला. सुतळी जाऊन दोरा आला. त्यांची बोटं एवढी जाड की सुई त्यांत दिसायची नाही. त्यांच्या वडिलांची मोडकी छत्री माळ्यावर होती. तिच्या काळ्या कापडाची त्यांनी बेबीच्या शाळेची पिशवी शिवली. पावसात पोरीची पाटी भिजेना. ताईच्या हिरव्या-लाल काचेच्या बांगड्या डब्यात होत्या. त्या एकेक करून चिमणीच्या ज्योतीवर मऊ करायच्या, वाकवायच्या, एकीत एक अडकवायच्या, अशा साखळ्या करून त्यांचा पडदा दाराला लावला. गावातल्या बायका म्हणाल्या, काय बाप्पा, सवाष्णीच्या बांगड्या दाराला टांगल्या! पण मी एकदा पाहिलं, भाऊजी पाठमोरे बसून तांदूळ निवडत होते, पडदा वाजला, आणि मागं न बघता ते ओरडले, "बेबी, चप्पल घाल." घरात दुसरं कुणी नाही, पोरगी दाराबाहेर कधी गेली हे कळायला नको का? तेव्हा मला कळलं, हा माणूस शोभेसाठी काही करत नाही.

वेण्यांचं तर काय सांगू! सुतळी तिपेडी वळायची सवय, तर पोरीच्या वेण्या तशाच घट्ट वळायचे. पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या. गिरणीतले हमाल चिडवायचे, "देवराम, आता पदर बी घे गा डोक्यावर." ते म्हणायचे, "आन ना तुह्या घरचा. जुना असन तर दुपटं शिवून देतो, तुह्या घरी दरसाल लागतेच." चिडवणाऱ्या हमालाला सहा पोरं होती.

पुढची दिवाळी आली. मोठेबाबा बोलल्याप्रमाणं आले, आम्ही सगळे आलो. दुसऱ्या वर्षाची उरलेली फी भरायची की पुस्तकं परत करायची, ते त्या दिवशी ठरणार होतं. बेबी पहिलीत जात होती. तिनं स्वतः झगा बदलून दाखवला, पुढून तीन बटणं, ताईच्या चोळीवरची. केस विंचरलेले, नखं कापलेली. मोठेबाबांनी तिला कानांमागं, मानेमागं पाहिलं, बाजारात बैल पाहतात तसं. मग विचारलं, "येतेस पवनीले? पेढे देईन." बेबी म्हणाली, "सोमवारी शाळा आहे." मोठेबाबांची नजर खाटेवर गेली. तिथं वाकळ होती. जांभळ्या लुगड्याचा उरलेला सगळा भाग वरच्या बाजूला, आत भाऊजींची धोतरं, ताईच्या चोळ्या, मी ताईकडे विसरलेला माझा एक परकर. मोठेबाबांनी वाकळीचं एक टोक दोन्ही हातांत धरलं आणि ताकद लावून ओढलं. टाका तुटावा म्हणूनच ओढलं, मी समोर होते. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. टाका हलला नाही. त्यांनी दुसरीकडून ओढलं. "टाके दूर दूर आहेत," ते म्हणाले. भाऊजी म्हणाले, "दूर आहेत. पन आहेत."

मोठेबाबा जेवले, दोनदा भात मागून घेतला, आणि दुपारी त्याच वाकळीवर आडवे होऊन घोरायला लागले. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. बेबी आसगावला राहिली आणि मी भंडाऱ्याला गेले. कुणी मला "तू शीक" असं म्हटलं नाही, पण नाही असंही कुणी म्हटलं नाही, आणि आमच्या घरात यालाच परवानगी म्हणतात.

नोकरीची ऑर्डर आली तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःहून भाऊजींशी बोलायला गेले. ते अंगणात बसून पोत्याच्या पिशवीला नाड्या लावत होते. मी म्हटलं, "भाऊजी, एक विचारू? ताईनंच सांगितलं होतं ना तुम्हाला, लुगडं बेबीला ठेवा म्हणून?" एवढ्या काळात मी मनाशी हेच जुळवून ठेवलं होतं. ताईची शेवटची इच्छा असणार, आणि ह्या भल्या माणसानं ती कुणाला न सांगता पाळली असणार. म्हणजे माझा राग फिटला असता आणि त्यांच्या पायाही पडता आलं असतं. त्यांनी दोरा दातानं तोडला. "नाही वो. तिनं उलटं सांगतलं होतं. मले जांभळ्यातच पाठवजा म्हने. दोनदा म्हटलं तिनं. हात धरून म्हटलं."

"मग?" मी म्हटलं. "मंग काय? नाही देल्लं," ते म्हणाले. "तिच्या पायाशीच पेटीवर बसलो मी. ती समोर निजली होती आन् मी तिले नाही म्हनून राहिलो होतो. थंडीचे दिवस येत होते विमल, पोरीजवळ धड कापड नव्हतं आन् दुसरं आनाची ऐपत नव्हती. मेलेल्याचं ऐकलं असतं तर जित्याचं राहिलं असतं." मग ते पुढची नाडी ओवायला लागले. "तुम्ही हे तेव्हाच काहून नाही सांगितलं?" मी म्हटलं. "कोनाले सांगू? तिच्या मायले? तुह्या पोरीनं मागितलं आन् म्या नाही देल्लं म्हनून? हावरट म्हटलं तू, थेच बरं होतं." मी तिथं बसून पोटभर रडले. ते काही समजावत बसले नाहीत. पिशवी पुरी झाली तेव्हा माझ्या मांडीवर टाकली, म्हणाले, "पुस्तकं ने ह्याच्यात, मास्तरीणबाई."

ताईची इच्छा मोडली, हे बरोबर होतं का? मला हे कुणीही विचारावं, मी हो म्हणेन. तोंडावर म्हणेन. माझ्या सख्ख्या बहिणीची शेवटची इच्छा होती ती, आणि तरीही म्हणेन. त्या लुगड्यात एक पोरगी वाढली आणि एक पोरगी शिकली. राखेत त्याचं काय झालं असतं?

पुढची वर्षं भराभर गेली. माझं लग्न मी म्हटलं तेव्हा आणि म्हटलं त्याच्याशी झालं. बेबी दहावी झाली, पवनीला दिली. गेल्या वर्षापासून भाऊजींचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, क्षय नाही, लागणारा रोग नाही, आयुष्यभर गिरणीतला कोंडा छातीत गेला आहे. बेबीला दिवस गेले तेव्हा त्यांनी जाहीर केलं की पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि ते आपणच करणार. गावातल्या बायकांनी डोक्याला हात लावले. त्यांनी डिंक आणून ठेवला, खारीक आणून ठेवली, सुईणीशी बोलून ठेवलं. शेवटच्या रविवारी मी गेले तर बोलताना दम लागत होता. मला जवळ बोलावून म्हणाले, "माहे कपडे जाळून टाकजा. सगळे. एक बी ठेवू नोको. कोंडा भरला आहे त्याईच्यात, पोरीच्या हाती नोको." मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि परत म्हणाले. मी परत हो म्हटलं. दोन दिवसांनी कंडक्टर शाळेच्या दारात आला.

दहाव्याला भाऊकीतली मोठी माणसं जमली. त्यांचं म्हणणं, कपड्यांचं गाठोडं वैनगंगेत सोडून यावं, तशी रीत आहे. मी सांगितलं, त्यांनी जाळा म्हटलं होतं. त्यावर दोघांतिघांत वाद सुरू झाला, जाळावं की सोडावं. बेबी भिंतीला टेकून बसली होती, नववा महिना, मांडीवर बापाचं धोतर. नुसती बोटं फिरवत होती, पण मी पाहिलं, ती त्याचा मऊपणा बघत होती. आमच्याकडे जन्मलेल्या लेकराला नवं कापड लावत नाहीत, जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लावतात. तिनं माझ्याकडे पाहिलं. "मावशी," एवढंच म्हणाली. भाऊकीतली एक म्हातारी लगेच बोलली, "छी वो! मेल्याचं कापड जन्मणाऱ्याले? इपरीत होईन. मास्तरीण, तू शिकलेली आहेस, तू तरी समजाव."

मी समजावलं. बेबीला नाही, त्यांना. म्हटलं, "मी त्यांना शब्द दिला होता, तो मी मोडते आहे. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं मला सांगावं, पोरीला नाही." गाठोडं मी उचललं, चुलीवर मोठं भगोणं चढवलं, सोडा टाकला आणि त्यांचे कपडे तीन पाण्यांतून उकळले. कोंडा निघाला, पाणी पिवळं झालं, मग पांढरं आलं. वाळल्यावर मी आणि बेबीनं समोरासमोर बसून कात्रीनं धोतराचे चौकोन कापले. पहिली कात्री मी लावली.

मुलगी झाली. वीस दिवसांची आहे, आवाज मोठा आहे. मी रजा काढून बाळंतपणाला राहिले आहे आणि ही ओळ आसगावच्या ओसरीत बसून लिहिते आहे. आत्ताच तिनं आजोबाच्या धोतराचं दुपटं ओलं केलं, तिसऱ्यांदा. मागच्या अंगणात ऊन चांगलं येतं, शेजारीण तिकडेच वाळत घाला म्हणत होती, लोकांच्या नजरेला नको. मी दोरी सोडून आणली आणि पुढं, रस्त्याच्या बाजूला बांधली.